त्रिविक्रमाची पावलं

चैत्र सरत आला होता. तेरला गोरोबाकाकांच्या यात्रेची गडबड सुरू झाली होती आणि मामाचं चाक भर दुपारीही थांबत नव्हतं. उन्हाळा म्हणजे कुंभाराची सुगी. पुण्याहून आलेला भाचा चाकाशेजारी पोतं अंथरून बसला होता. मांडीवर लॅपटॉप, हातात फोन.

"मामा, हे बघा. अख्खं तेर आणलंय ह्याच्यात."

फोनच्या पडद्यावर मधोमध एक बारीक चकती फिरू लागली आणि फिरतच राहिली. मामानं ओला हात धोतराला पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ वाट पाहिली.

"काय करलालंय हे?"

"लोड होतंय."

"नुसतंच फिरलालंय की. हे बी चाकच हाय म्हण, पर ह्याच्यावर काय घडंना."

पोराचे कान लाल झाले. सुट्टीच्या दिवशी राबून त्यानं हे ॲप केलं होतं. यात्रेला येणारा माणूस गोरोबाकाकांच्या समाधीवर डोकं टेकवतो, गुळ-रेवडी घेतो आणि परतीची एसटी पकडतो. हाकेच्या अंतरावर त्रिविक्रमाचं मंदिर आहे. मूळचा तो विटांचा बौद्ध चैत्य, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, महाराष्ट्रात अजून उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या बांधकामांतलं एक. उत्तरेश्वराचं विटांचं देऊळ आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. लोकांनी हे सगळं पाहावं म्हणून त्यानं फोटो काढले, जिथं लागते तिथं परवानगी घेऊन. साठ फोटो जमले. पुण्याच्या ऑफिसात बसून उघडले तर पटापट आले. तेरात, टॉवरची एखाददुसरी कांडी असताना, चकती फिरत राहिली.

खरी तक्रार मात्र मामीची होती. भाच्यानं केलंय म्हटल्यावर तिनं हौसेनं आपल्या फोनवर ते घेतलं होतं आणि शेजारणींना दाखवत सुटली होती. दुपारी तीनलाच तिचा दिवसाचा दीड जीबीचा पॅक संपला. संध्याकाळी मुंबईच्या लेकीला व्हिडिओ कॉल लागेना.

"एवढं काय बघितलंस मामी?"

"तुझंच बघितलं. शेजारणीला दाखवलं, जावेला दाखवलं, मग पोरं आली त्यास्नी दाखवलं."

"तेच फोटो?"

"तेच की. दुसरे हाईत व्हय?" मग तिनं सरळच विचारलं, "एकदा उतरवून घेतलेलं गेलं कुठं? सारखं सारखं तेच का आणतंय हे?"

हिशेब साधा होता. एक फोटो सुमारे चार एमबीचा, साठांचे झाले दोनशे चाळीस. सहा वेळा दाखवले की दीड जीबी जवळजवळ आटोपला. ॲपला आठवण म्हणून नव्हतीच. फोटो बोटानं वर सरकून दिसेनासा झाला की ॲप तो विसरायचं, आणि परत खाली आलं की पुन्हा दूरच्या सर्व्हरकडे धाव घ्यायचं. आणलेलं जवळ ठेवायला हवं, हे पोराला ठाऊक नव्हतं असं नाही. "नंतर करू" म्हणून त्यानं ते मागं टाकलं होतं. पुण्याच्या वायफायवर ते कधी बोचलंच नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली रीत संगणकवाल्यांनाही सुटलेली नाही.

त्या रात्री ओसरीवर बसून त्यानं ते काम हाती घेतलं. मामी भांडी घासत होती.

"काय करलालास?"

"फोनमध्ये कॅश ठेवतोय."

"किती?"

तो हसत सुटला. ह्या शब्दाची गंमतच आहे. रोकड ती कॅश आणि हा साठाही कॅश. साठ्याचा शब्द मूळचा फ्रेंच, लपवून ठेवण्याचा. पण मामीला समजवायला फ्रेंचची गरज पडली नाही. तिच्या घरात तीच व्यवस्था होती. पाणी खरं आडात. रोजच्यासाठी ते रांजणात भरलेलं. आणि पिणाऱ्याच्या हाताशी तांब्या. तहान लागली की आधी तांब्या बघायचा, तो रिकामा असेल तर रांजण, आणि रांजणही कोरडा असेल तरच आडावर जायचं. ॲपचा तांब्या म्हणजे फोनची मेमरी, झटपट पण लहान आणि ॲप बंद झालं की रिकामी. रांजण म्हणजे फोनमधली साठवणीची जागा, थोडी सावकाश पण रात्रभर टिकणारी. आड म्हणजे सर्व्हर. प्रत्येक फोटोचा जो पत्ता, त्याच नावानं तो रांजणात ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी नाव घेतलं की हाती येतो.

तेरच्या माणसाला ह्यात नवल वाटायला नको. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तकात ह्या गावाचं नाव तगर म्हणून आलं आहे, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. समुद्रकाठच्या मुलखातला माल तगरात गोळा व्हायचा आणि इथल्या कापडासोबत गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा. म्हणजे भडोचच्या व्यापाऱ्याला एकेका थानासाठी मूळ ठिकाणापर्यंत पायपीट करावी लागत नव्हती. मधल्या पेठेत माल आणून ठेवलेला असायचा. आज मोठ्या कंपन्या गावोगावी सर्व्हर मांडून चित्रं आणि व्हिडिओ ग्राहकाच्या जवळ ठेवतात, ती हीच अक्कल. असो, पोराकडे वळू.

सकाळी ॲप वाऱ्यासारखं चाललं. मामीनं पाच-सहा फोटो सरकवले आणि ॲप धाडकन बंद पडलं. परत उघडलं, परत पडलं.

ह्याला कारण तांब्या. फोटोची फाइल चार एमबीची असली तरी ती दाबून बांधलेली असते. पडद्यावर मांडायला फोन ती उलगडतो, आणि मग प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात. चार हजार गुणिले तीन हजार ठिपके म्हणजे एक कोटी वीस लाख, त्यांचे झाले अठ्ठेचाळीस एमबी. एका फोटोचे! असे चार फोटो तांब्यात ओतले की दोनशे एमबीच्या घरात गेलात. मामीच्या जुन्या फोनवर ॲपच्या वाट्याला एवढी जागा कुठली असायला? आणि तिचा पडदा होता सातशे वीस ठिपके रुंद. अठ्ठेचाळीस एमबीचा ऐवज ती तळहाताएवढ्या खिडकीतून बघत होती.

मामाला हे अर्धंमुर्धं समजलं. पण वजनाचं म्हटल्यावर त्यानं चाक सोडलं. "आपल्या गावच्या जुन्या विटा ठावं हाईत ना तुला?"

तेरच्या कुठल्या पोराला त्या ठाऊक नसतात? आकारानं मोठ्या आणि तरी पाण्यावर तरंगतात इतक्या हलक्या.

"मातीत भुस्सा मळायचा," मामा म्हणाला. "आव्यात भुस्सा जळून जातंय, बारीक बारीक भोकं ऱ्हात्यात. वीट दिसायला तेवढीच, निस्तं वजन गेलं. भिताडाला काय, जागा भरली म्हंजे झालं."

पोरानं फोटो पडद्याच्या मापात उतरवले. सातशे वीस गुणिले पाचशे चाळीस. उलगडल्यावर जेमतेम दीड एमबी. मामीला फरक दिसला नाही आणि ॲप पुन्हा पडलं नाही. तांब्यालाही त्यानं माप घातलं. भरला की बऱ्याच वेळात ज्याला हात लागलेला नाही तो फोटो आधी बाहेर. मामीच्या फडताळाला हा नियम कुणी शिकवला नव्हता. रोजचं पुढं येतं, दिवाळीचे साचे मागं सरकत जातात.

खरं तर ही सगळी अवजारं तयार मिळतात. ग्लाइड, पिकासो, कॉइल अशी नावं आहेत त्यांची. अँड्रॉइडवर काम करणारी माणसं ती उचलतात आणि पुढच्या कामाला लागतात. पोरगा मात्र अशा वयात होता की दुसऱ्याच्या चाकावर घडवायला कमीपणा वाटावा. मला त्याचा राग येत नाही. एकदा तरी स्वतःच्या हातानं मडकं बिघडवल्याशिवाय बाजारातलं मडकं पारखता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वावटळ आली, वीज गेली आणि टॉवरही झोपला. वीज आली तेव्हा मामी फोन घेऊन चुलीपाशी बसली होती.

"बाबा, देवाचे पाय कुठं गेले रे?"

त्रिविक्रमाच्या मूर्तीचा फोटो होता. वरचा अर्धा भाग लख्ख: मुकुट, आयुधं, आकाशाला लावलेला पाय. कमरेखाली करड्या रंगाचा सपाट पट्टा. तीन पावलांत त्रैलोक्य मोजणारा देव, आणि जमिनीवरचं पाऊलच गायब.

"नेट गेलं होतं ना, येईल आता."

पण आलं नाही. नेट जोरात असतानाही देव कमरेपर्यंतच. ॲप बंद करून उघडलं, फोन बंद करून चालू केला, काही नाही. उलट आधीच्या बिनआठवणीच्या ॲपमध्ये हे घडलंच नसतं. त्यानं बापडं पुन्हा सर्व्हरकडे धाव घेतली असती आणि अख्खा देव आणला असता. आता ॲप रांजणात बघत होतं, तिथं त्या नावाचा फोटो होता, मग आडावर कशाला जायचं? फोटो अर्धा उतरला असताना नेट तुटलं, आणि पोराच्या ॲपनं जेवढा आला तेवढा अख्खा समजून ठेवून दिला. जवळ ठेवण्याची सोय केली तशी चूकही जवळ ठेवली गेली, आणि कायमची.

पहाटे मामानं आवा उघडला. राख बाजूला सारून एकेक मडकं काढायचं, फडक्यानं पुसायचं, डाव्या हाताच्या तळव्यावर तोलायचं आणि उजव्या हाताच्या बोटांची पेरं त्याच्यावर वाजवायची. टण्ण. पुढचं, टण्ण. मग एकदा बद्द. दिसायला ते मडकं तसंच, तांबूस, घाटदार. पोरानं हातात घेऊन फिरवून पाहिलं, त्याला कुठं काही सापडलं नाही. मामानं ते न बोलता वेगळ्या ढिगात टाकलं. तो ढीग ओसरीपासून लांब होता.

"प्रत्येक वाजवता?"

"मग? रांजणीच्या उतरंडीत एक बद्द घुसलं की वरचं समदं खाली येतंय."

"एवढी दोनशे मडकी. एखादं सुटलं तर?"

मामा हसला. "काकांनी कुणाला सोडलं का?"

ती गोष्ट महाराष्ट्रभर माहीत आहे. संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली. मुक्ताईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून हे काय म्हणून विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते ह्यानं कळतं, असं उत्तर मिळालं. मग आपलीही परीक्षा घ्या म्हणाले आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं चालवलं. नामदेव कुरकुरले आणि कच्चे ठरले. पुढं ते विसोबा खेचरांकडे गेले. कीर्तनात ही गोष्ट नामदेवांच्या अहंकारावर येऊन संपते. मामाचं लक्ष भलतीकडेच होतं.

"नामदेव कच्चे निघाले ते जाऊ दे. ज्ञानोबा बसले हुते, निवृत्तिनाथ बसले हुते. त्यास्नी बी हाणलं काकांनी. नाव बघून कुणाला सोडलं न्हाई." त्यानं पुढचं मडकं उचललं. "माझ्याच चाकावरचं, माझ्याच आव्यातलं, म्हणून मी वाजवायचं सोडलं तर गिऱ्हाईक दारात येऊन वाजवंल."

पोरगा तिथूनच लॅपटॉप घेऊन बसला. आता सर्व्हरकडून येणारा फोटो थेट रांजणात जाणार नव्हता. आधी तो तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये उतरायचा. सर्व्हरनं आधी सांगितलेली लांबी आणि उतरलेली लांबी जुळते का, हे बघायचं. मग फोटो उलगडून बघायचा, नीट उलगडतो का. दोन्ही जमलं तरच फाइलचं नाव बदलून तिला रांजणात जागा द्यायची. नेट मध्येच तुटलं तर ती अर्धी फाइल फेकून द्यायची, पुढच्या वेळी नव्यानं आणायची. मामीच्या फोनमधला जुना साठा त्यानं पुसला. देवाला पाय परत आले.

आता सगळं ठाकठीक झालं असं वाटलं, आणि नेमक्या यात्रेच्या दिवशी मामीची शोभा झाली.

ॲपमध्ये शेवटी एक फोटो कार्यक्रमाच्या फलकाचा होता. मंदिराजवळच्या फलकावर उद्याचं लिहिलं की पोरगा त्याचा फोटो काढायचा आणि सर्व्हरवर त्याच नावानं ठेवायचा, जुन्याच्या जागी नवा. त्या दिवशी आभाळ भरून आलं म्हणून रात्री नऊचं कीर्तन सातला घेतलं. फलक बदलला, सर्व्हरवरचा फोटोही बदलला. मामीच्या फोनमध्ये आदल्या संध्याकाळचा फलक होता, अख्खा, लख्ख, टण्ण वाजणारा. तिनं फोन उघडला, त्यानं क्षणात नऊ दाखवले. गल्लीतल्या बारा बायका तिच्या भरवशावर जेवूनखावून, लुगडी बदलून निघाल्या. मंडपात पोचल्या तेव्हा आरती होऊन बुक्का लागत होता.

मामी घरी येऊन काही बोलली नाही. तिनं फोन पोरापुढं ठेवला आणि ती आत गेली. त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

पोरगा रात्रभर तळमळला. सकाळी त्यानं ठरवलं की साठाच नको. ॲप उघडलं की सगळं पुसायचं आणि सगळं ताजं आणायचं. चकती फिरू दे, पॅक जाऊ दे, खोटं तरी दिसणार नाही. हे तो मामीला सांगत असतानाच चौथ्या दिवसाचा नळ आला. गल्लीत एकच धांदल उडाली. समोरच्या घरात भरलेला पिंप आडवा झाला आणि चार दिवसांपूर्वीचं पाणी गटारात खळाळत गेलं.

मामी रांजणापाशी गेली. झाकण उचललं, वाटीभर पाणी काढून दाराच्या उजेडात धरलं, वास घेतला आणि झाकण परत ठेवलं. रांजण तसाच राहू दिला, घागरी तेवढ्या भरून घेतल्या.

"मामी, शिळं नाही झालं?"

"चार दिवसानं पाणी शिळं व्हतंय व्हय? मग धरणात सा म्हैने पडून असतंय त्याचं काय?" तिनं पदरानं हात पुसले. "दूध असतं तर गोष्ट येगळी. दुधाला मी दर येळेला बघती."

पोरगा गप्प बसला. मग त्यानं साठ फोटो आणि तो एक फलक, असे दोन ढीग केले. उत्तरेश्वराची वीट काल होती तीच उद्या असणार. गोरोबाकाकांना समाधी घेऊन, 1317 पासून, सातशेवर वर्षं झाली. तिथल्या फोटोला रोज विचारायची गरज नाही. त्या साठांवर सर्व्हरकडून वर्षभराची मुदत लिहिली, आणि त्यातला एखादा बदललाच तर नवं नाव द्यायचं ठरवलं, म्हणजे जुन्या नावाचा घोळच नको. फलकाला मात्र दुधाचा नियम. तो जवळ ठेवायचा, पण दाखवण्याआधी दर वेळी विचारायचं. त्याची रीत आधीपासून आहे. सर्व्हर प्रत्येक फोटोसोबत एक खूण देतो. फोन ती खूण परत पाठवून विचारतो, माझ्याकडे हा आहे, तुझ्याकडे बदललाय का? बदलला नसेल तर सर्व्हर फोटो पाठवतच नाही, नुसता 304 हा आकडा पाठवतो. चार ओळींचं उत्तर, पॅकला जाणवतही नाही. बदलला असेल तरच नवा येतो. आणि नेटच नसेल तर? तिथं पोरगा अडला. मग त्यानं फलकाखाली एक ओळ लिहिली: हा फलक कधी उतरवला, त्याचा दिवस आणि वेळ. खात्री करायला नेट नसताना एवढं कबूल करणं त्याच्या हातात होतं.

काल्याच्या दिवशी तो परत निघाला. मामानं पाण्याचं एक मडकं बांधून दिलं. पोरानं घेण्याआधी पेरांनी ते वाजवलं. मामानं मान दुसरीकडे फिरवली, पण मिशीत हसला असावा.

एसटी स्टँडवर मामी सोडायला आली होती. गर्दीनं नेट पार बसलं होतं, कुणाचा कुणाला फोन लागत नव्हता. मामीनं पिशवीतून फोन काढला. तो आता तिच्यावर रागावलेला नव्हता, किंवा ती त्याच्यावर. फलकाखालची ओळ तिनं मोठ्यानं वाचली, "काल रात्री आठ," आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "हे कालचं हाय, देवळात विचारून घ्या." मग तिनं बोटानं पुढं सरकवलं. उत्तरेश्वर आला, काळेश्वर आला, संग्रहालय आलं. चकती कुठंच फिरली नाही.

त्रिविक्रमावर ती थांबली. अख्खा होता. मामीनं काचेवर त्याच्या पावलांना दोन बोटं लावली आणि कपाळाला नेली. बोटं उचलताना जरा फाकली गेली आणि पावलं मोठी होऊन पडदाभर पसरली.